सोमरस, सेरोटोनिन आणि हनीफभाईंची झोप

नांदेड,
वेळ अमावस्येनंतरचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप वीरण्णाअप्पा यांच्या सेवेशी,

धाकटा साडू सिद्धलिंग याचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. (पायांपर्यंत पोचायची इच्छा होती, पण कंबर त्यापुढे परवानगी देत नाही.) इकडे सर्व क्षेम. आपला नवा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर तो आता वळायला लागला, असं तारामती सांगत होती. ऐकून बरं वाटलं. आपल्या देहातला निदान एक भाग तरी दुसऱ्याच्या म्हणण्यानुसार वळतो, ही नातेवाइकांना धीर देणारी गोष्ट आहे. साखर आटोक्यात असेलच. शिवगंगाअक्कांचा खोकला गेला का? औषधांच्या दुकानात आता चिरंजीव बसतात आणि आपण मागच्या खुर्चीवरून गिऱ्हाइकांना डॉक्टरच्या चिठ्ठीतल्या चुका तेवढ्या सांगता, असंही कळलं. चालू ठेवा. माणसानं निवृत्त झाल्यावरही काही ना काही करत राहावं. मीही करतोच आहे, आणि त्याचाच वृत्तांत कळवण्यासाठी हे पत्र.

आजच्या काळात पत्र पाहून आपण दचकला असाल. पण दिवाळीनंतर आपण आपल्या सोयऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिन या नात्यानं मला गटातून काढून टाकलंत. फोन लावला तर अक्का उचलतात आणि "ते पूजेला बसलेत" म्हणतात. (अप्पा, भर दुपारी कोणती पूजा असते? आणि त्या पूजेत क्रिकेटची कॉमेंट्री कशी ऐकू येते?) तेव्हा मला टपालाखेरीज मार्ग उरला नाही. टपालाला ॲडमिन नसतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

दिवाळीत आपल्या लातूरच्या घरी, फराळाच्या ताटावर, मी माझा सिद्धांत मांडला होता. आपण तो चकलीच्या आवाजात ऐकलात, म्हणून थोडक्यात पुन्हा सांगतो. आपल्या ऋषींनी शरीरात पाच प्राण मानले, आणि आजचं विज्ञान मेंदूत नाना रसायनं मानतं. उमरीच्या शाळेत सारा जन्म विज्ञान शिकवल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे दोघं एकाच घराचे दोन पत्ते सांगताहेत. पुढे ढकलतो तो प्राण, म्हणजे डोपामिन. बेंबीपाशी बसून अन्न पचवतो आणि सगळ्यांचा समतोल राखतो तो समान, म्हणजे सेरोटोनिन. (सेरोटोनिनचा मोठा भाग आतड्यात तयार होतो, हे आपणही नाकारलं नव्हतं. फक्त "मग?" असं म्हणाला होतात.) अंगभर धावतो तो व्यान, म्हणजे ॲड्रेनलिन. वर नेतो तो उदान, म्हणजे एंडॉर्फिन. खाली उतरवतो तो अपान, म्हणजे झोप उतरवणारं मेलाटोनिन. यावर आपण जे म्हणालात ते मी विसरलेलो नाही. "मास्तर, अपानाचं काम काय ते अख्ख्या लातूरला ठाऊक हाय. त्याच्याकडं झोपेचं खातं कुणी दिलं?" सगळे हसले. पुढे मी सांगितलं, की प्रत्येक पेशीत एक छोटंसं अग्निहोत्र अखंड चालू असतं, अन्नाची आहुती पडते आणि त्यातून देहाची ऊर्जा निघते. तर आपण म्हणालात, "अग्निहोत्र माझ्या छातीत रोज जेवणानंतर पेटतं. त्याला ॲसिडिटी म्हणतात, आन् त्याची गोळी माझ्या दुकानात मिळते." पुन्हा सगळे हसले. सर्वांत जास्त हसली ती तारामती. (आपण तिचे दाजी, त्यामुळे आपला विनोद तिला माहेरचा वाटतो. माझा सासरचा.)

मग आपण आव्हान दिलंत. शब्द असे होते: "एक माणूस, एकच, ह्या तुमच्या वेदानं झोपवून दाखवा. गोळी न देता. त्या दिवशी मी गटावर सगळ्यांदेखत लिहितो, की मास्तर खरे आन् वीरण्णा खोटा." अक्का साक्षीला आहेत. मी त्याच क्षणी मनात हनीफभाईंचं नाव घेतलं.

हनीफभाई आपल्याला माहीत आहेत. आमच्या शेजारचे गादीवाले. अर्धं नांदेड त्यांनी पिंजलेल्या कापसावर झोपतं, आपणही मुक्कामाला आलात की त्यांच्याच गादीवर घोरता. मलिकाभाभी गेल्या रमजानच्या आधी वारल्या, आणि तेव्हापासून या माणसाची झोप उडाली. अख्ख्या गावाला निजवणारा माणूस स्वतः भिंतीला टेकून बसलेला. "मास्टर, डोळे मिटतो, पण आत दुकान उघडंच राहतं," एवढंच म्हणायचे. डॉक्टर करून झाले. रिपोर्ट सगळे चांगले आले. (हनीफभाई म्हणाले, "रिपोर्ट सोते हैं, मैं जागता हूं.") डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या आपल्याच दुकानातून मागवल्या होत्या. त्या घेऊन त्यांची फक्त जीभ झोपली, बाकीचे हनीफभाई जागेच. दिवसा मग तोल जायचा. एकदा गादीचा काठ शिवता शिवता स्वतःचा पायजमाच गादीला शिवून बसले, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत गादीबरोबर यांनाही उचलून ठेवायची वेळ आली. लोक हसले, पण त्यांची मुलगी मनतशा हसली नाही. ती हिमायतनगरला दिलेली आहे. तिथून येऊन तिनं सांगून टाकलं, की रानातल्या वेळ अमावस्येच्या सणापर्यंत वाट पाहते, झोप आली नाही तर दुकान बंद करून अब्बूंना घेऊन जाते. हनीफभाई नुसते कापूस पिंजायच्या धनुष्याची तार बोटानं छेडत बसले. ज्या माणसाचा जन्म एका दुकानाच्या फळीवर गेला, त्याला लेकीच्या घरी पाहुणा करून बसवायचं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मीही निवृत्त झाल्यावर महिनाभर उगाचच शाळेच्या रस्त्यानं जाऊन येत होतो.

तेव्हा मी वेदांना कामाला लावलं.

पहिला उपाय प्राणायामाचा. डाव्या नाकपुडीनं श्वास घेतला की मेंदू शांत होतो, हा माझ्या सिद्धांताचा पाया. पण हनीफभाईंच्या नाकात जन्मभराचा कापूस. डावी बंद, उजवी अर्धवट. मी गच्चीवर त्यांना समोर बसवून "घ्या" म्हणालो. त्यांनी घेतला, आणि मग अशी शिंक दिली की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाहीत. त्यांचा मालक माझ्याशी अजून बोलत नाही. दुसरा उपाय ब्राह्ममुहूर्ताचा. पहाटे उठून उगवतीचा प्रकाश डोळ्यांवर घेतला की सेरोटोनिन भरतं आणि त्याचंच रात्री मेलाटोनिन होतं. (हे विज्ञान आहे, अप्पा. आपल्या दुकानातल्या पुस्तकातही सापडेल.) हनीफभाईंनी शांतपणे विचारलं, "मास्टर, मी फजरच्या नमाजाला उठूनच राहिलो ना इतकी वर्षं. तुमचा ब्राह्ममुहूर्त मला कशाला उठवतो? मला झोपवायचं काय ते बोला." मुद्दा बिनतोड होता. तिसरा उपाय गुंजनाचा, भुंग्यासारखा आवाज काढून मेंदूत कंप उठवायचा. मी म्हणालो, अक्षर तुमच्या मनाला येईल ते घ्या, मला कंपाशी काम. ते गुणगुणू लागले, मीही लागलो, आणि थोड्या वेळानं खाली गल्लीत गर्दी जमली. कुणाच्या तरी घरात पोळं बसलंय अशी समजूत झाली होती. एक जण धूर करायला गोवऱ्या घेऊन आला होता.

मी खचलो नाही. (तारामती म्हणते, खचला असता तर बरं झालं असतं.) वेळ अमावस्या जवळ येत होती आणि मला एकाएकी उमगलं, की ऋषी ज्याला सोम म्हणत होते ते दुसरं तिसरं काही नसून आपली आंबील असणार. बघा ना. आंबवलेली, आंबट, मडक्यातली, रानात नेऊन देवाला शिंपडायची आणि मग स्वतः प्यायची. प्यायल्यावर चेहऱ्यावर तेज आणि पापण्यांवर ओझं. तिच्या जोडीला भज्जी, म्हणजे ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, सगळी द्विदल धान्यं. त्यांच्यात ट्रिप्टोफॅन असतं, आणि ट्रिप्टोफॅनचं सेरोटोनिन होतं. आपल्या वाडवडिलांनी मेंदूचं रसायनशास्त्र रानातल्या कडब्याच्या कोपीत, त्या पूजेच्या खोपटात, मांडून ठेवलंय आणि आपण फक्त ढेकर देतो! मी ठरवलं, की सोमाचा अंश वाढवायचा. आंबील आदल्या दिवशी आंबवतात. मी तारामतीला सांगितलं, अजून आधी घाल, आणि मडकं गच्चीवर उन्हात ठेव, तोंड घट्ट बांधून. तिनं माझ्याकडं पाहिलं, काही न बोलता मडकं भरलं, तोंड बांधलं. ती काही बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला हवं, हे इतक्या वर्षांत कळायला पाहिजे होतं.

अमावस्येच्या सकाळी आम्ही टेम्पोनं बिलोलीकडच्या आमच्या शेताला निघालो. मी, तारामती, हनीफभाई आणि मनतशा. मडकं माझ्या मांडीवर, कारण सोम दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. मडक्यावर माझ्या व्याख्यानाचे कागद. (व्याख्यान रीतसर लिहून काढलं होतं, शिवारातल्या सगळ्यांना बोलावलं होतं.) हनीफभाईंनी मडक्याला कान लावला आणि म्हणाले, "मास्टर, अंदर कोई बात कर रहा." खरंच आत बुडबुडत होतं. "चढनेवाला तो नै ना कुछ?" त्यांनी काळजीनं विचारलं. मी म्हणालो, "आंबील आहे हनीफभाई, ताकाची सख्खी बहीण." एवढ्यात नायगावच्या पुढं एका खड्ड्यात टेम्पो आदळला आणि ताकाच्या बहिणीनं बंड केलं. फडकं उडालं ते टेम्पोच्या टपाला लागलं, सोम वर गेला आणि खाली आला. सगळा माझ्यावर. माझं धोतर, माझी टोपी, माझं व्याख्यान, सगळं आंबलं. टेम्पोवाला म्हणाला, "मास्तर, वास लई सुटलाय, मागं बसता का?" आणि मला पुढल्या गावापर्यंत मागच्या फळीवर, कडब्याच्या पेंढ्यांवर बसवलं. शेतात पोचल्यावर तारामतीनं सीटखालून दुसरं मडकं काढलं. आदल्या दिवशी रीतीप्रमाणे आंबवलेलं. मी विचारलं, हे कधी केलंस? ती म्हणाली, "तुमचं मडकं बांधलं तवाच."

रानात कोप उभी केलेली होती. आमचं शेत बटईनं करणारा मारोती याने पाच दगड मांडून चुना-काव लावला होता, ज्वारी फुलोऱ्यात होती. पूजा झाली. "होलगे होलगे, सालम पोलगे" म्हणत आम्ही शेताला आंबील शिंपडत फेरी मारली. (या शब्दांच्या कंपनांवर माझं वेगळं टिपण आहे, ते गुडघा पूर्ण बरा झाल्यावर पाठवतो.) मग जेवणं. अप्पा, आपण आला नाहीत याचं खरंच वाईट वाटलं. भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी, गव्हाची खीर, आणि वर आंबील. मारोती तर म्हणाला, "लातूरचे पाव्हणे न्हाईत, मग त्यांच्या वाटचं कुणी खायचं?" आणि स्वतःच उत्तर देऊन खाऊन टाकलं. हनीफभाई मात्र पानावर नुसते बसले होते. दरवर्षी मलिकाभाभी शेजारी बसून "बस करो जी, पेट है के घागर" म्हणायच्या, आणि ते ऐकत हे आणखी एक वाटी घ्यायचे. यंदा बस करा म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी आपणहूनच बस केलं. तारामती त्यांच्याजवळ बसून काही तरी हळू बोलत होती. तिनं बळेच दोन वाट्या पाजल्या.

मग चिंचेखाली माझं व्याख्यान सुरू झालं. कागद आंबलेले, त्यामुळे सगळं तोंडपाठ, आणि तोंडपाठ बोलताना मी (हे मी विनयानं सांगतो) अधिक खोल जातो. "पंचप्राण आणि मेंदूतील रसायने" असा विषय. समोर शिवारातली शेजारीपाजारी मंडळी, मारोती, त्याची म्हातारी आई पार्वतीबाई, हनीफभाई, मनतशा. मी प्राणापासून आरंभ केला. डोपामिनपर्यंत पोचलो तेव्हा मारोती कलंडला. "मास्तर, तुमचं चालू द्या, म्या नुसता डोळे मिटून ऐकून राहिलो," असं म्हणाला आणि वाक्य संपायच्या आत त्याचं ऐकणं नाकातून सुरू झालं. समानापाशी शेजारची दोन घरं गेली. व्यान सर्वांगभर पसरतो हे मी सांगत असताना पार्वतीबाई सर्वांगानं पसरल्या. उदानाला बांधावरच्या बैलानं मान मातीला टेकवून डोळे मिटले. तो ताटातलं काहीही जेवला नव्हता, हे आपण ध्यानात घ्यावं, म्हणजे गुण केवळ भज्जीचा होता असं आपल्याला म्हणता येणार नाही. आणि मी अपानावर आलो, मेलाटोनिनचा उच्चार केला, तेवढ्यात चिंचेच्या बुंध्यापासून एक आवाज आला. आधी मला वाटलं दूरवर कुठं मळणीयंत्र चालू झालं. मनतशा ताडकन उठून बसली. तिनं तोंडावर हात धरला आणि कुजबुजली, "काका, अब्बू घोरून राहिले!"

अप्पा, हनीफभाई झोपले होते. मान एका बाजूला, टोपी नाकावर, तोंड उघडं, आणि घोरणं असं की पिंजणाऱ्या धनुष्याची तार वाजावी. मला गहिवरून आलं. मी थांबलो, डोळे पुसले, उपसंहाराला एक चांगलं वाक्य जमवू लागलो. तो त्यांच्या पापण्या हलल्या. हात काही तरी चाचपू लागला. मनतशानं दोन्ही हात जोडले, "काका, थांबू नका, काका!" तारामती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आवाज चढवू नका, उतरवू नका. हाय तसाच ठिवा."

मी सुरू केलं. पण सिद्धांत संपला होता. मी तो पुन्हा सांगितला. पुन्हा संपला. मग पेशीतलं अग्निहोत्र घेतलं, मग पाच कोश घेतले, अन्नमयापासून आनंदमयापर्यंत गेलो आणि परत उतरलो. मग नाइलाजानं मूलद्रव्यं म्हणायला लागलो, हायड्रोजन, हेलियम, लिथियम. त्यातली काही नवी मूलद्रव्यं माझ्या निवृत्तीनंतर आली आहेत, ती अंदाजानं म्हटली. झोपलेल्या माणसानं हरकत घेतली नाही. मग बेडकाचं विच्छेदन. मग उमरीच्या शाळेतल्या एका जुन्या वर्गाची हजेरी, आडनावांसकट. मध्येच मारोतीनं झोपेत "हजर" म्हटलं, तो त्या वर्गात होता. घसा कोरडा पडला की तारामती वाटीत आंबील देत होती, मी एका घोटात पिऊन लगेच पुढचं वाक्य धरत होतो, आणि मनतशा ते सगळं मोबाइलमध्ये भरून घेत होती. सावल्या लांबल्या, बगळे परतायला लागले. मी सांगतो अप्पा, शाळेत इतकी वर्षं मी पोरांना जागं ठेवण्यासाठी घसा फोडला. त्या सगळ्याची भरपाई त्या एका दुपारी झाली.

हनीफभाई आपले आपण उठले ते ऊन पार उतरल्यावर. आधी सूर्याकडे पाहिलं आणि नमाजाच्या घाईनं विचारलं, "असर निकल गई क्या?" मनतशा म्हणाली, "नै अब्बू, अजून हाय." विहिरीवर हातपाय धुवून त्यांनी बांधाच्या कडेला नमाज पढली, परत आले आणि तारामतीला म्हणाले, "भाभी, भज्जी हाय का थोडी?" मनतशा पदरात तोंड खुपसून रडली. मी विचारलं, "हनीफभाई, व्याख्यान कुठवर ऐकलंत?" ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "प्राण पाच असते, तितपत."

त्याच आठवड्यात मनतशा हिमायतनगरला एकटीच परतली. दुकान उघडं आहे. माझं व्याख्यान हनीफभाईंच्या मोबाइलमध्ये आहे. ते रोज ते लावून निजतात, दिवसा सरळ शिवण घालतात, आणि गिऱ्हाइकाला गादी स्वतःच्या पायजम्याला न शिवता देतात. डॉक्टरांनी तपासून "गोळ्या लागू पडल्या" म्हटलं. (गोळ्या हनीफभाईंच्या दुकानात एका डब्यात तशाच पडून आहेत. हे डॉक्टरांना सांगू नका.)

आता आपलं आव्हान आठवा. एक माणूस, गोळीशिवाय, वेदानं. आपण एक माणूस मागितला होतात, मला अख्खं शिवार आणि वर एक बैल मिळाला. सिद्धांत रानात, दिवसाउजेडी, साक्षीदारांसमक्ष सिद्ध झाला. (साक्षीदार झोपले होते, पण तोच तर पुरावा आहे.) तेव्हा आपण शब्दाला जागावं, गटावर सर्वांदेखत "मास्तर खरे" असं लिहावं, आणि ते मला वाचता यावं म्हणून आधी मला गटात परत घ्यावं. मी विजयानं उन्मत्त झालेलो नाही. क्षमा करायला तयार आहे, आपण फक्त मागावी.

अक्कांना माझा आणि तारामतीचा नमस्कार, चिरंजीवांना आणि सूनबाईंना आशीर्वाद, गुडघ्याला सहानुभूती.

आपला विजयी साडू,
सिद्धलिंग

ता. क. – शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणून एक किरकोळ बाब नोंदवतो. ध्वनिमुद्रण संपलं की हनीफभाई जागे होतात. मूलद्रव्यं संपतात, हजेरी संपते, आणि ते उठून बसतात. यात सिद्धांताला धक्का लागतो असं मला वाटत नाही. मोबाइलची बॅटरी हा प्राणाचाच एक प्रकार आहे, यावर विचार चालू आहे.

ता. क. दुसरा (हा मी, तारामती, लिहिते आहे). दाजी, नमस्कार. ह्यांनी पत्र टपालात टाकायला दिलं, पाकीट उघडंच होतं म्हणून चार ओळी. मलिकाभाभी कशा बोलायच्या तुम्हाला ठाऊक हाय. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत, भाव, पाहुणे, कुणाचं लगीन, कुणाचं बाळंतपण. हनीफभाई तिकडं पिंजत बसायचे, हूं हूं करायचे आणि त्याच आवाजात रात्री झोपायचे. त्या गेल्या आणि घर गपगार झालं. शेतात आंबील देताना ते मला म्हणाले, "भाभी, घर में आवाज नै." आणि उठल्यावर ह्यांना जे बोलले नाहीत ते मला बोलले, "मास्टर काय बोलतात ते समजत नै. पण मलिकाचं तरी कुठं समजायचं? कुणीतरी हाय, एवढं समजायचं." सोम नाही, प्राण नाही दाजी, एवढंच हाय. ह्यांना अजून सांगितलं नाही. खुशीत आहेत, म्हणून.

ता. क. तिसरा – वरचं तिनं मला वाचायला दिलं, नंतर म्हणाली, आता टाका टपालात. मी ते खोडलेलं नाही. (माणसाचा आवाज माणसाच्या मेंदूत काय करतो, याला आपल्या शास्त्रात नाव आहे का, आणि नसेल तर त्याला सहावा प्राण म्हणावं का, हे मी तपासतो आहे. ऋषींच्या नजरेतून एखादा सुटलाही असेल.) पण एक अडचण उभी राहिली आहे. हनीफभाईंना आता ते ध्वनिमुद्रण पाठ झालंय. पुढचं वाक्य काय येणार ते कळतं, म्हणून ते वाट पाहत जागे राहतात. काल त्यांना मूलद्रव्यं माझ्याआधी म्हणता आली. मलिकाभाभी एकच गोष्ट दोनदा सांगायच्या नाहीत, असं ते म्हणाले. मनतशाला हे अजून कळवलेलं नाही. कळलं की ती पुन्हा त्यांना न्यायला निघेल. म्हणून हल्ली मी जेवण झालं की त्यांच्याकडे बसून समोरासमोर बोलतो, पण अप्पा, माझ्याकडचं संपत आलंय. एकटा माणूस किती बोलणार? सिद्धांताला कुणी हरकत घेतली तरच तो पुढं सरकतो, आणि आपल्याइतक्या हरकती या जिल्ह्यात कुणी घेत नाही. तेव्हा खरी विनंती ही, की अक्कांना घेऊन महिनाभर इकडं मुक्कामाला यावं. हनीफभाईंनी आपल्या गुडघ्यासाठी वेगळी मऊ गादी भरायला घेतली आहे. आपण रोज माझ्यासमोर बसायचं, अपान काढायचा, ॲसिडिटी काढायची, वेदापासून गोळीपर्यंत काय वाटेल ते काढायचं, मध्ये हनीफभाई निजतील. आणि वर पत्रात मी आपल्याला "मास्तर खरे" असं गटावर लिहायला सांगितलं आहे, ते वाचलंच नाही असं समजा. कृपा करून माझं काहीही मान्य करू नका. आपण मान्य केलंत तर वाद मिटेल, आणि हनीफभाई जागे होतील.